चाळिशीतलं बाळसं

माझ्या नोकरीत वजन वाढलं की आनंद मानायचा असतो. अंगणवाडीत पंचवीस वर्षं मी हेच करत आले. महिन्याच्या ठरल्या दिवशी पोरं एकामागून एक काट्याच्या झोळीत घालायची, काटा स्थिर होईपर्यंत त्यांचं रडणं ऐकायचं, आणि आकडा मागच्या महिन्यापेक्षा वर गेला असला तर त्यांच्या आईकडे बघून हसायचं. खाली गेला असला तर आईला झापायचं. झापण्यात मी कधी कमी पडले नाही. गावातल्या निम्म्या सुना मला घाबरतात आणि उरलेल्या निम्म्या पाठीमागे माझी नक्कल करतात, हे मला ठाऊक आहे. नक्कल चांगली करतात म्हणे.

नवरा गेल्यावर मी माहेरी, महाळुंगे पडवळला परत आले. मूलबाळ नव्हतं, सासरी थांबायला कारण नव्हतं. घरात आई होती आणि माझ्याहून अकरा वर्षांनी धाकटा भाऊ. त्याला मी काखेत घेऊन वाढवलेलं. मी परत आले त्या वर्षी तो आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होता, आणि त्याच वर्षी तो आजारी पडला.

आजार म्हणजे सुरुवातीला एवढंच, की तो जेवेना. भिंतीपलीकडून माणसं बोलतात म्हणायचा. ती माणसं त्याला सांगायची की भाकरीत काहीतरी कालवलंय, तुला मारायचा बेत आहे. आईनं थापलेली भाकरी तो हुंगून बाजूला ठेवायचा. मी त्याच्यासमोर तीच भाकरी मोडून खायचे, तरी त्याला पटायचं नाही. आईनं दीड-दोन वर्षं अंगारे-धुपारे केले, कुठल्या कुठल्या देवऋष्याकडे नेलं, कोंबडी झाली, नारळ झाले. तोवर त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. शेवटी मी आईशी भांडून त्याला पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्किझोफ्रेनिया असं नाव सांगितलं. ते मला दोनदा विचारून लिहून घ्यावं लागलं. गावात अजून त्याला डोक्यावर परिणाम असंच म्हणतात, आणि मीही आता कुणाला दुरुस्त करत नाही.

गोळ्या सुरू झाल्यावर महिना-दीड महिन्यानं एका दुपारी त्यानं पिठलं आणि अख्खी भाकरी खाल्ली. मग दुसरी मागितली. आई चुलीपुढे बसून पदरानं डोळे पुसत थापत होती आणि तो खात होता. मला आयुष्यात एवढा आनंद फार कमी वेळा झालाय.

दुसऱ्या दिवशी मी त्याला अंगणवाडीत नेऊन गरोदर बायांचं वजन करायच्या काट्यावर उभं केलं. सत्तेचाळीस किलो. घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात तो आकडा लिहिला. तेव्हापासून दर महिन्याला पोरांची वजनं झाली की शेवटी त्याचं. पन्नास झाले. त्रेपन्न झाले. साठ झाले त्या दिवशी आईनं आळीत पेढे वाटले. बाया येऊन बघून जायच्या आणि म्हणायच्या, पोरानं अंग धरलं हो, आता काळजी नाही. बाळसं धरलेल्या तान्ह्या पोराला बघावं तसं आम्ही त्याच्याकडे बघायचो. तो शांत झाला होता. भिंतीपलीकडची माणसं फारशी बोलत नव्हती. खायचा, बिडी ओढायचा, ओट्यावर बसायचा, झोपायचा. आम्हाला तेवढंच हवं होतं.

आई चार वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आठवड्यात तिची वाचा बरीचशी गेली होती, पण एक गोष्ट तिनं मला नीट सांगितली: त्याला उपाशी ठेवू नको. मी हो म्हणाले. तेव्हा तो अठ्ठ्याऐंशी किलोचा होता.

इथं माझी एक चूक कबूल करते. त्याला एसटीत बसायला आवडत नाही. गर्दी झाली की घाम फुटतो, कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटतं. म्हणून मी एकटीच त्याचा कागद घेऊन मंचरच्या सरकारी दवाखान्यात जायचे, कशी काय तब्येत म्हणून विचारलं की झकास म्हणायचे, आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन यायचे. पाच-सहा वर्षं हे चाललं. या काळात त्याच्या अंगाला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नाही, आणि माझा हात फक्त काट्यावर उभं करण्यापुरता.

मग तिथं एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. मला मुलगी असती तर तिच्या वयाच्या. त्यांनी कागद बघितला आणि पेशंट कुठं आहे म्हणून विचारलं. मी म्हणाले घरी, ठणठणीत आहे. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी त्यांना आणा, बघितल्याशिवाय मी नुसत्या गोळ्या लिहून देणार नाही. मला रागच आला. काल आलेली पोरगी मला शिकवते, असं घरी येईपर्यंत मनात चाललं होतं. पण गोळ्यांचा प्रश्न होता, म्हणून पुढच्या महिन्यात शेजारच्यांची जीप सांगून त्याला नेलं.

त्यांनी आधी त्याच्याशीच बोलायला सुरुवात केली. झोप कशी लागते, बिड्या किती, चहा किती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं की हातानं थांबवायच्या. मग टेप काढून त्याच्या पोटाचा घेर मोजला. तो हसला आणि म्हणाला, शर्ट शिवताय काय मॅडम? त्याही हसल्या. बीपी घेतलं, रक्त घेतलं. दुपारी रिपोर्ट आला. साखर होती, नुकतीच लागलेली नव्हे, चांगली मुरलेली. बीपीही वर होतं.

वजन कधीपासून वाढतंय, असं त्यांनी विचारलं, आणि मी मूर्ख, मोठ्या तोऱ्यात पिशवीतून वही काढली. दर वर्षी कॅलेंडर बदललं की आकडे मी वहीत उतरवून ठेवायचे. सत्तेचाळीसपासून एक्क्याण्णवपर्यंत सगळे होते. त्यांनी पानं उलटत सगळी वही बघितली.

"ताई, एवढं नीट लिहून ठेवलंत," त्या म्हणाल्या, "मग कुणाला दाखवलं का नाही?"

मी वही परत पिशवीत घातली. त्यांनी मग समजावून सांगितलं. या गोळ्यांनी भूक वाढते, चरबी वाढते, काहींना साखर लागते. म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, त्या सोडल्या तर पहिले पाढे पंचावन्न. पण अंगाकडे लक्ष ठेवावं लागतं. असे पेशंट त्या आवाजांपेक्षा साखरेनं, बीपीनं, हृदयानं जास्त जातात, आणि इतरांपेक्षा लवकर जातात. हे त्या हळू आवाजात बोलल्या, पण तो शेजारीच बसला होता आणि त्याचे कान चांगले आहेत.

मग त्यांनी एका कागदावर लिहून दिलं. रोज अर्धा तास चालणं, शक्यतो सकाळी लवकर. चहात साखर नाही. दोन भाकरी, भाजी जास्त, भात थोडा. बिड्या हळूहळू कमी, पण बंद केल्या तर आधी मला सांगा, कारण बिडी सुटली की गोळीचा जोर अंगात वाढतो. झोपायची-उठायची वेळ एक. ह्यात अवघड असं काही नव्हतं. मी गरोदर बायांना याच्यापेक्षा लांबलचक भाषण देते.

सकाळी लवकर, हे मात्र त्यांनी गावाकडचं राहणं माहीत नसल्यामुळे लिहिलं. आमच्याकडे दोन्ही बाजूंनी ऊस आणि उसात बिबट्या. उजाडायच्या आत रस्त्यानं एकटं चालायची छाती तरण्या माणसाची होत नाही, तर ह्याची कुठून? म्हणून मी वेळ ठरवली साडेआठची. ऊन पसरलेलं असतं, शाळेची पोरं रस्त्याला असतात. मला अंगणवाडी असते, म्हणून त्यानं एकट्यानं जायचं. घरापासून कॅनॉलच्या पुलापर्यंत आणि परत. जाऊन-येऊन पाऊण तास धरला, कारण तो सावकाश चालतो.

मला वाटलं होतं तो ऐकणार नाही. पण तो आनंदानं जाऊ लागला. आठ वाजल्यापासून चपला घालून ओट्यावर बसायचा. दोन-अडीच तास फिरून यायचा. घरी मी त्याला बिनसाखरेचा चहा द्यायचे, तोही तोंड वाकडं न करता प्यायचा. मी मनात म्हणत होते, बघा, माझ्या हाताखाली पोरं सरळ होतात. दोन महिन्यांनी रक्त तपासलं तर साखर आधीपेक्षा वर गेली होती.

डॉक्टरीणबाई मला काही बोलल्या नाहीत, पण मला अपमान वाटला. तपास करायचा म्हणून एका रविवारी मी त्याच्या मागोमाग, अंतर ठेवून गेले. पहिलं घर आमच्या चुलतीचं. ती ओट्यावर भाजी निवडत बसली होती. त्याला बघितल्याबरोबर म्हणाली, ये रे, च्या घे. तो बसला. कपबशी आली, सोबत दोन बटरं. पुढे दूध डेअरीवर माणसं बसली होती, तिथं दुसरा कप. त्यापुढे रिटायर झालेल्या एसटी ड्रायव्हरचं घर, तिसरा. पुलाच्या अलीकडे बटाट्याच्या वखारीवर चौथा. परतीच्या वाटेवर चुलतीच्या सुनेनं परत बोलावून शिरा दिला, कसला तरी उपास सुटला होता म्हणून. साडेआठ-नऊची वेळ म्हणजे घरोघरी दुसऱ्या चहाची. दारावरून माणूस गेलं आणि चहा विचारला नाही, असं आमच्याकडे होत नाही. वाट मीच आखली होती आणि वेळही मीच ठरवली होती.

डॉक्टरांच्या कागदाला डोक्यावर धरून मीच त्याला घरोघर साखर प्यायला पाठवत होते. हे कळल्यावर माणसानं स्वतःवर चिडावं. मी चुलतीवर चिडले. तिथंच, ओट्यापुढे, तो बशीतला शिरा खात असताना. त्याला साखर आहे, सांगितलं होतं की नव्हतं, असं विचारत सुरुवात झाली. ती म्हणाली, कपभर च्यानं काय व्हतंय. मी म्हणाले, कपभर नाही, चार ठिकाणी चार कप आहेत. ती म्हणाली, "त्याला दुसरं काय सुख हाय, बाई? ना बायको, ना पोर. दोन घोट गोड लागत्यात, ते बी तुला बघवना."

हा बाण बरोबर लागला, आणि लागला म्हणूनच माझी जीभ सुटली. मी म्हणाले, "तुमी चहा न्हाई पाजत, विष पाजताय त्याला. सगळी मिळून मारताय."

बोलून झाल्यावर मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं तोंडातला घास बोटांनी बाहेर काढला होता आणि तो निरखून बघत होता.

वीस वर्षं जे घरात कुणी चुकूनही बोललं नव्हतं, जो शब्द आई उंदराच्या औषधालाही वापरत नसे, तो मी भर रस्त्यात उच्चारला होता. घरी येईपर्यंत मी त्याला शंभरदा सांगितलं की ते रागानं बोलले, साखरेला तसं म्हणायची पद्धत आहे, खरं विष नव्हे. तो हो म्हणाला. दुपारी जेवायला बसला आणि भाकरी हुंगली. मी आतल्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

आठवडाभर तो केळी आणि उकडलेली अंडी एवढ्यावर राहिला, कारण त्यांना साल-टरफल असतं. ह्या सात दिवसांत त्याचं वजन तीन किलो उतरलं. डॉक्टरीणबाईंचा कागद बोलता असता तर म्हणाला असता, शाबास. मी त्याला मंचरला नेलं, सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. गोळी वाढवावी लागेल म्हणाल्या, म्हणजे भूकही वाढणार. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. महिन्याभरात तो माझ्या हातचं पुन्हा खाऊ लागला, पण ताट समोर आलं की एकदा माझ्याकडे बघायचा. विचारायचा नाही, नुसता बघायचा. मी त्याच्या ताटातला एक घास मोडून खायचे, मग तो सुरुवात करायचा.

गावात काय झालं ते वेगळंच. माझं बोलणं तासाभरात वखारीपर्यंत पोचलं होतं. बाया दुखावल्या. गरिबाच्या तोंडचा घास काढला आणि वर आम्हाला मारेकरी ठरवलं, असं म्हणू लागल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी पुढे एकेका घरी जाऊन माफी मागितली, हात जोडले, म्हणाले, त्याला बोलवा, बसवा, फक्त साखर घालू नका. सगळ्या हो हो म्हणाल्या. पण बिनसाखरेचा चहा करून द्यायचा म्हणजे दुसरं पातेलं चढवायचं, आणि चहाशिवाय त्याच्याशी बोलायचं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. वीस वर्षं सगळ्यांनी त्याच्याशी एकच संभाषण केलं होतं: ये, बस, च्या घे. ते वाक्य काढून घेतल्यावर उरलं काहीच नाही. त्याला येताना बघून बाया आत जाऊ लागल्या. माझ्या भीतीनं म्हणा, संकोचानं म्हणा.

पंधरा दिवस तो पुलापर्यंत गेला आणि अर्ध्या तासात परत आला. मग जाईना. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाला, "आदी हाका मारायची लोकं. आता न्हाई मारत."

तो पुन्हा ओट्यावर बसून राहू लागला. बिड्या वाढल्या. संध्याकाळी एकट्यानं पुटपुटणंही वाढलं. बाहेरची माणसं बोलायची थांबली तशी भिंतीतली पुन्हा बोलायला लागली असावीत. त्याचं पोट, त्याचे सुजलेले पाय, जिना चढताना लागणारी धाप, हे सगळं मला आता दिसायला लागलं होतं. इतकी वर्षं समोर होतं. रोज सकाळी उठले की पहिल्यांदा त्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन श्वास चाललाय का ते ऐकायचे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं ते लवकर माझ्या डोक्यात बसलं होतं. लवकर म्हणजे कधी, हे मी विचारलं नव्हतं.

मग मी ठरवलं की आपणच त्याला चालवायचं. अंगणवाडीत मदतनीस बाईला अर्धा तास आधी बोलावून मी रोज त्याच्याबरोबर जाऊ लागले. पहिले काही दिवस बरे गेले. मी त्याला लहानपणच्या गोष्टी सांगायचे, तो ऐकायचा. कधी रस्त्याकडेच्या शेतात थांबून बटाटा लागलाय का ते मातीत हात घालून बघायचा. पण नव्या गोळीनं त्याला सकाळी जडपणा यायचा आणि उठणं जिवावर यायचं. मग कारणं सुरू झाली. आज गुडघा दुखतोय. आज पोट दुखतंय. आज पुलावर कोणीतरी उभं आहे, ते माझ्याकडे बघतं. आज चपलेत खडा आहे. अंगणवाडीत न येण्यासाठी पोरं जी कारणं सांगतात तीच, त्याच क्रमानं. मी पोरांना ओळखते तशी ह्याचीही कारणं ओळखायला लागले. गुडघा दुखतोय म्हणाला की मी म्हणायचे, चाल, मोकळा होईल. पोट दुखतंय म्हणाला की म्हणायचे, चाल, हलकं वाटेल. आणि खरोखर पुलापर्यंत गेल्यावर तो कुरकूर विसरून जायचा. वजन चार किलो उतरलं. ह्या वेळी खरं उतरलं. साखरही खाली आली. डॉक्टरीणबाई त्याला शाबास म्हणाल्या आणि तो लाजला. परतीच्या जीपमध्ये मी मनात आईशी बोलत होते, बघ, उपाशी न ठेवता केलं.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, तो उठला तेव्हा त्याला घाम आला होता. म्हणाला, आक्का, आज नको. मी विचारलं का. छातीत दुखतंय म्हणाला, आणि डावा हात जड वाटतोय.

इथं मला थांबायला हवं होतं. गरोदर बाईचे पाय सुजले तरी मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात पाठवते. गावातल्या दुसऱ्या कुणा एक्केचाळीस वर्षांच्या माणसानं हे सांगितलं असतं तर मी रस्त्यावर धावत गेले असते. पण हा माझा भाऊ होता, ज्याच्या गुडघ्यात, पोटात, चपलेत आणि पुलावर दर दिवशी काहीतरी असायचं. त्यात मला उशीर होत होता, त्या दिवशी पोरांची वजनं होती.

"नाटकं नकोत," मी म्हणाले, "चपला घाल."

त्यानं घातल्या. तो कधीच भांडत नाही, हे त्याच्या स्वभावातलं चांगलं म्हणून मी लोकांना सांगत आलेय. चुलतीच्या दारावरून गेलो, डेअरीवरून गेलो. मी दोन पावलं पुढे होते, कारण मी पुढे राहिले की तो वेग धरतो. मध्ये एकदा तो आक्का म्हणाला. मी वळून न बघता म्हणाले, चाल, बोलू नको, दम लागेल. ड्रायव्हरच्या घराच्या पुढे मला त्याच्या चपलांचा आवाज यायचा थांबला. वळून बघितलं तर तो रस्त्याच्या कडेला दोन्ही हातांनी छाती धरून बसला होता. तोंड राखेसारखं झालेलं. तो ओरडत नव्हता. माझ्याकडे बघत होता आणि उठायचा प्रयत्न करत होता, मी रागवू नये म्हणून.

ड्रायव्हर धावत आले. वखारीवरची बटाट्याची पिकअप निघायच्या बेतात होती, तिच्यात पोत्यांवर त्याला झोपवलं. त्याचं डोकं चुलतीनं मांडीवर घेतलं. ती कधी येऊन चढली मला कळलं नाही. जिनं मला महिनोन्महिने तोंड दाखवलं नव्हतं ती वाटभर त्याचं कपाळ पुसत होती आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मंचरला दवाखान्यात त्याला पलंगावर घेऊन छातीवर वायरी लावल्या. एक तरुण डॉक्टर वाकून त्याला विचारत होते, दादा, दुखतंय का? कुठं दुखतंय? कधीपासून? तो काही बोलेना. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. त्याचे ओठ सुकले होते, घाम मानेवरून उशीत उतरत होता. त्यानं मान फिरवली, मी कुठं आहे ते शोधलं आणि मला विचारलं,

"आक्का, सांगू का?"

खोलीत सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सांग सांग म्हणाले असेन, मला आठवत नाही. मग त्यानं सांगितलं. चार दिवसांपासून दुखत होतं.

पुढचं सगळं लवकर झालं. पुण्याला हलवलं, रक्तवाहिनीत जाळी बसवली, आठ दिवसांनी घरी आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताई, स्वतःला लावून घेऊ नका, ह्यांच्यासारख्यांचं दुखणं आम्ही डॉक्टरसुद्धा कितीदा वेडातलं समजतो. त्या मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, आणि त्यात खरंही असेल. पण त्यांच्यासमोर तो चार दिवस चालला नव्हता. माझ्यामागे चालला होता.

ह्याला आता दीड वर्ष झालं. हृदयाचा काही भाग कायमचा निकामी झालाय. बिडी सुटली, ती भीतीनं सुटली. त्याप्रमाणे मानसिक आजाराची गोळी कमी करून घेतली, भिंतीतली माणसं अधूनमधून बोलतात. चुलतीनं स्वतःहून बिनसाखरेच्या चहाचं छोटं पातेलं वेगळं काढलंय आणि ती त्याला पुन्हा हाक मारते. आम्ही चालतो, पण हळू, तो म्हणेल तिथं बसत. मी आता पुढे चालत नाही, शेजारून चालते.

आणि रोज सकाळी चपला घालायच्या आधी मी त्याला विचारते, कुठं दुखतंय का? आवाज शक्य तेवढा मऊ करून विचारते, समोर बसून, हात हातात घेऊन विचारते. पूर्वी ज्याला रोज काहीतरी दुखायचं, त्याचा आता गुडघा दुखत नाही, पोट दुखत नाही, पुलावर कुणी उभं नसतं. तो माझ्या चेहऱ्याकडे नीट बघतो, मला काय ऐकायला आवडेल ते त्याला दिसतं, आणि तो म्हणतो, न्हाई आक्का, कुठंच न्हाई.